दुसरी नळी

ग्लास नळाखाली होता. अर्धा भरला होता. काकूंनी मागून येऊन तो माझ्या हातातून काढून घेतला, पाणी सिंकमध्ये ओतून दिलं आणि ग्लास उपडा ठेवला.

"हा नळ घरच्यांचा. तुला बाहेर आहे ना?"

आवाज चढवला नाही. काकूंचा आवाज कधी चढतच नाही. दारात दोन पाहुण्या बायका उभ्या होत्या, नटूनथटून. त्यांनी पाहिलं. एक दुसरीला म्हणाली, "उन्हाचा काय कहर आहे नाही यंदा." आणि दोघी हॉलमध्ये निघून गेल्या.

हॉलमध्ये काकूंच्या सुनेचं डोहाळजेवण चाललं होतं. सातवा महिना. मलाही सातवाच होता.

पिंप्राळ्यातल्या एका कॉलनीत काकूंचा बंगला. दीड वर्षापासून मी तिथं धुणंभांडी करत होते. त्या दिवशी सकाळपासून उभी होते. तीस-पस्तीस बायकांची ताटं, वाट्या, वर आइस्क्रीमचे बाऊल. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. घशाला कोरड पडली म्हणून मी फिल्टरचा नळ सोडला. एवढाच माझा गुन्हा.

बाहेर म्हणजे मागच्या ओट्यावर. तिथं मी भांडी घासायची. तिथल्या फळीवर एक पोचे आलेला स्टीलचा ग्लास होता. तो माझा, असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही. काकू फोनवर मैत्रिणींना सांगायच्या, "आमच्याकडे तसलं काही नाही हो, आम्ही मानत नाही." खरंच मानत नव्हत्या. फक्त ग्लास वेगळा होता.

आमच्या समाजातल्या बाईला पाण्याची गोष्ट शिकवावी लागत नाही. पाळण्यात असल्यापासून आम्ही ती ऐकतो. जयंतीला ऐकतो, विहारात ऐकतो, लग्नातल्या गाण्यांत ऐकतो. मीही ऐकली होती, दहावीपर्यंत शाळेत भाषणंही केली होती त्यावर. टाळ्या घेतल्या होत्या. आणि तरी त्या दिवशी मी गप मागच्या ओट्यावर गेले, पोचे आलेला ग्लास घेतला आणि नळाचं कोमट पाणी प्यायले. ही माझी शरम आहे. ती आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी.

ओट्यावरून हॉल दिसायचा. काकूंच्या सुनेला मी वहिनी म्हणायची. वहिनी फुलांनी सजवलेल्या झोपाळ्यावर बसल्या होत्या. हिरवी साडी, हातात फुलांचे गजरे, कपाळावर फुलांची बिंदी. बायका तिला पेढ्याची आणि बर्फीची वाटी पुढे करून हसत होत्या, झाकण उघड, मुलगा का मुलगी. मी अशी जळले, अशी जळले, की हातातली घासणी पिळून पिळून मी तिचा चोथा केला.

हेवा हा शब्द फार सभ्य आहे. मी जळत होते. आणि हे त्या दिवशी सुरू झालं नव्हतं. दोघींना एकाच महिन्यात दिवस गेले, तेव्हापासून मी तिच्यावर डोळा ठेवून होते. तिच्या टेबलावर भिजवलेले बदाम. तिच्यासाठी नारळपाणी. तिच्या पायाखाली उशी. तिची फाइल जाड, रंगीत, आत सोनोग्राफीचे फोटो. माझं सरकारी कार्ड घडी पडून मधोमध फाटलेलं. ती जिना चढताना कुणीतरी हात धरायचं. मी फरशी पुसताना कुणीतरी फक्त पाय उचलायचं. माझं पोट तिच्यापेक्षा मोठं दिसायचं. तेवढ्याचाही मला आनंद व्हायचा, इतकी मी खाली आले होते.

पण सगळ्यात जास्त मला त्या फिल्टरचा हेवा वाटायचा. स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या वर, भिंतीवर, निळा दिवा लागलेला. वहिनी झोपेतून उठून यायच्या, नळ सोडायच्या, उभ्या उभ्या ग्लास रिकामा करायच्या. उकळायचं नाही, गार व्हायची वाट बघायची नाही. आमच्या गल्लीत पाणी चार-पाच दिवसांनी यायचं. नळाची लाइन गटारीतून गेलेली. पहिले दोन हंडे पाणी तर नाक धरून ओतून द्यावं लागायचं. आमच्या वस्तीतली आशाताई माझ्या कार्डावर नोंद करताना दर वेळी एकच सांगायची, "खळखळ उकळू दे. बुडबुडे आले म्हणजे उकळलं असं नाही. तुझ्या पोटात जीव आहे, कंटाळा करू नको." मी कंटाळा करत नव्हते. रोज पातेलं चढवत होते. नवरा केळीच्या हंगामात रावेरला, ट्रक भरायच्या कामावर. घरी मी आणि सासू. गॅस संपला की चुलीवर उकळायची. पण उकळते ती गरीब, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. वहिनी उकळत नव्हत्या.

डोहाळजेवणानंतर आठवड्याभरात मला त्यांच्या मागच्या ओट्यावर भोवळ आली. वहिनी जेवणाच्या टेबलाशी बसून बदाम सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "आई, हिलाही सातवाच आहे ना?" काकूंनी माझ्याकडे पाहिलं. नजर जरा मऊ झाली.

दुसऱ्या दिवशी मागच्या ओट्यावर एक पांढरा कॅन ठेवलेला होता. पाच लिटरचा, निळ्या झाकणाचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फिल्टरची एक काळी नळी बाहेर आली होती, आधी ती मोरीच्या भोकात सोडलेली असायची. आता ती कॅनमध्ये घातली होती. पाणी बारीक धारेनं पडत होतं. काकू म्हणाल्या, "हे रोज घेऊन जात जा. फिल्टरचंच पाणी आहे. पोटुशी बाईला चांगलं."

शब्द अगदी हेच. मी ते विसरणार नाही.

मी ती नळी पाहिली. आतल्या नळाला जाणारी पांढरी नळीही मला माहीत होती. एका मशीनमधून दोन नळ्या. मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. एक घरच्यांची, एक आमची. पाणी तेच, नळी वेगळी. ग्लास वेगळा असतो तशी नळी वेगळी. जन्मभर हेच पाहिलेल्या माणसाला दुसरी शंका कुठून येणार? उलट मला वाटलं, चला, पाणी तर तेच मिळालं. काकूंच्या पाया पडायचं तेवढं राहिलं होतं.

तो कॅन घेऊन मी वस्तीत शिरले, ती काय मिरवत शिरले म्हणून सांगू. शेजारणीनं विचारलं, "काय गं, दूध आणलंस का?" मी म्हटलं, "फिल्टरचं पाणी आहे. बंगल्यातलं." ती कॅनकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत मला माझाच हेवा दिसला आणि मला फार बरं वाटलं. मी कॅन कपाटावर ठेवला. सासूला हात लावू दिला नाही, शेजारच्या पोरांना घोटभर दिलं नाही. फक्त माझं आणि माझ्या बाळाचं.

सासू धुळ्याकडच्या खेड्यातली. ती म्हणाली, "पानी काय, बठ्ठं एकच शे. कितलं मिरवशी?"

मी मनात म्हटलं, म्हणे सगळं पाणी एकच, तुला काय कळतंय. चव जराशी खारट होती. म्हटलं, मशीनची चव असेल. श्रीमंतांच्या गोष्टींना वेगळी चव असतेच.

आणि त्या दिवसापासून मी पाणी उकळणं बंद केलं. आशाताई आली तर तिला कॅन दाखवला. ती घाईत होती, तिच्या वहीत अजून वीस घरं बाकी होती. म्हणाली, "फिल्टरचं असेल तर बरंच आहे." तीसुद्धा फसली. फिल्टर या शब्दाला आम्ही सगळ्याच भुललो होतो.

महिना गेला. आठवा सरत आला होता. मला अन्न नकोसं झालं. उलट्या होऊ लागल्या. बायका म्हणाल्या, शेवटी शेवटी होतं असं. लघवी पिवळीजर्द झाली, म्हटलं उन्हानं असेल. मग एका सकाळी सासूनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"तुना डोया पिवया दिखी राह्यनात," ती म्हणाली. "कावीळ शे."

मी म्हटलं, सिव्हिलला जाऊ. ती म्हणाली, "माळ बांधाशिवाय कावीळ उतरस का?" तिच्या माहेरात सगळ्यांची अशीच उतरली होती. ती वाईट बाई नाही. स्वतःच्या कानातल्या फुलांवर हात ठेवून म्हणाली, लागलं तर ही मोडू, पण बाबांकडे जाऊ. पहूरच्या अलीकडे एका खेड्यात माळ देणारे बाबा होते. बसनं गेलो. त्यांनी माझे हात चुन्याच्या पाण्यात धरायला लावले, पाणी पिवळं झालं, सासू म्हणाली, बघ निघाली. बारीक काड्यांची माळ गळ्यात घातली. माळ जसजशी लांब होत जाईल तसतशी कावीळ उतरत जाईल. हळद बंद, तेल बंद, उसाचा रस प्या.

माळ खरंच लांब झाली. काड्या वाळल्या की दोरा सुटत जातो, हे मला नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी ती माझ्या पोटापर्यंत आली होती आणि मी सासूलाच ओळखत नव्हते. तिला मी काकू म्हणत होते. म्हणत होते, काकू, मी ग्लास धुवून ठेवला आहे. हे मला शेजारणीनं सांगितलं. तिनंच रिक्षा बोलावली.

सिव्हिलमध्ये मी मधेमधे शुद्धीवर यायची. तशीच एकदा आले तेव्हा एक तरुण डॉक्टरीण कॉटशी उभी होती. तिनं विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

मी म्हटलं, "फिल्टरचं."

अंगात त्राण नव्हतं, तरी ते मी ऐटीत म्हटलं. तिनं कागदावर लिहिलं, फिल्टर. मग जरा थांबून सासूला समजावून सांगितलं. ही हेपेटायटिस ई नावाची कावीळ आहे. घाणीचं पाणी पोटात गेलं की होते. इतरांना होते, ते अशक्त होतात, बरे होतात. पोटुशीला झाली, तेही शेवटच्या महिन्यांत, तर बाई जाऊ शकते, बाळ जाऊ शकतं. "तीन दिवस आधी का नाही आणलंत?" ती म्हणाली. सासू माझ्या गळ्यातल्या माळेकडे बघत राहिली.

मी राहिले. बाळ राहिलं नाही. मुलगी होती. पोटातच गेली. मी तिला पाहिलं नाही, मी शुद्धीवर नव्हते. नवरा रावेरहून येईपर्यंत बाळंतपण उरकलं होतं, पुरायला त्यानंच नेली. तो म्हणाला, तिचे केस दाट होते. एवढंच मला माझ्या मुलीबद्दल माहीत आहे.

शुद्धीवर आल्यावर मी पहिलं काय विचारलं, ते ऐका. मी विचारलं, वहिनींना काय झालं? शेजारणीनं इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, मुलगा. दोघंही छान आहेत. मी भिंतीकडे तोंड केलं. तिलाही व्हायला हवी होती कावीळ, असं माझ्या मनात आलं. तिच्या डोळ्यांतही पिवळं दिसायला हवं होतं. दुसऱ्याच्या बाळाचं वाईट चिंतणारी बाई मी नव्हते. पण त्या कॉटवर मी ती झाले. खोटं सांगायचं असतं तर हे सांगायलाच बसले नसते.

दीड महिन्यानं काकूंचा निरोप आला. बदली बाईचं काम नीट नाही, तू ये. फोनवर म्हणाल्या, "कळलं गं तुझं. फार वाईट वाटलं. आपल्या हातात काय असतं?" मी गेले. घरी बसले की केस दाट होते एवढंच डोक्यात फिरायचं. भांडी घासताना निदान हात चालतात.

बंगल्यात पाळणा टांगलेला होता. वहिनी दिवाणावर बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी पदर बाळावर ओढला. दृष्ट लागेल म्हणून, का मला बघवणार नाही म्हणून, मला माहीत नाही. मी सरळ मागच्या ओट्यावर गेले. तिथं माझा पोचे आलेला ग्लास होता. तसाच दुसरा पांढरा कॅनही होता, काळ्या नळीखाली, भरलेला.

त्या दिवशी फिल्टरची सर्व्हिस होती. फिल्टरवाला स्टुलावर चढून झाकण उघडून बसला होता. काकू खाली उभ्या. मी खिडकीच्या पलीकडे, हात साबणात. दोन हातांवरचं बोलणं.

तो म्हणाला, "काकू, ही पांढरी नळी गाळलेल्या पाण्याची. ही काळी नळी वाया जाणाऱ्या पाण्याची. जे गाळून बाजूला निघतं ना, क्षार, जंतू, ते सगळं या काळीतून बाहेर पडतं. लादीला वापरा, गाडी धुवा. फक्त प्यायचं नाही."

काकू म्हणाल्या, "ते माहीत आहे हो आम्हाला. पहिल्यांदा बसवला तेव्हाच सांगितलं होतं. आम्ही कुठं पितोय?"

माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं नाही. सिनेमात पडतं. मी ते धुतलं, पालथं घातलं, हात पुसले.

मग मी कॅन उचलला. माझा ग्लास घेतला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो ग्लास त्या दाराच्या आत आला. जेवणाच्या टेबलावर ठेवला, कॅनमधून काठोकाठ भरला आणि काकूंच्या पुढे सरकवला.

"घ्या काकू. फिल्टरचंच पाणी आहे."

फिल्टरवाला स्टुलावरच थांबला. काकूंचा चेहरा आधी कळलं नाही असा झाला, मग कळलं असा झाला.

"डोकं फिरलंय का तुझं? मी ते वापरायला दिलं होतं. प्यायला कुणी सांगितलं?"

"पोटुशी बाईला चांगलं, म्हणालात."

"मी असं म्हणालेच नाही."

तेव्हा दिवाणावरून वहिनी बोलल्या. हळू, पण स्पष्ट. "आई, म्हणाला होतात. मी इथंच बसले होते."

वहिनी खरं बोलल्या, हे मी कबूल करते. त्यांना ते सोपं नव्हतं, हेही कबूल करते. पण त्याही क्षणी मला त्यांचा हेवाच वाटला. खरं बोलायला त्यांच्या मांडीवर बाळ होतं. मला खरं कळलं तेव्हा माझी मांडी रिकामी होती.

मी म्हटलं, "काकू, एक घोट. एकच."

त्यांनी ग्लासाला बोटही लावलं नाही. टेबलापासून एक पाऊल मागे सरकल्या. त्या पावलानं मला उत्तर दिलं. मी ग्लास तिथंच ठेवला, कॅन उचलला आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. मागच्या ओट्यानं नाही.

सिव्हिलच्या डॉक्टरणीला जाऊन मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, कावीळ कुठल्या घोटातून आली हे आता शपथेवर कुणी सांगू शकणार नाही. पण जे मशीन बाहेर टाकतं ते तुम्ही न उकळता महिनाभर प्यायलात. मी म्हटलं, माझ्या कागदावर फिल्टर लिहिलं आहे, ते खोडा. तिनं खोडलं नाही, पण पुढे लिहिलं, फिल्टरचं वाया जाणारं पाणी. मी ते दोनदा वाचून घेतलं.

आता तो कॅन माझ्या दारात आहे. झाकण काढून टाकलं आहे. वस्तीत कुणाला दिवस गेले की मी जाते. आशाताईच्या आधी जाते. कॅन सोबत नेते आणि सांगते, दुसऱ्या नळीचं पाणी म्हणजे काय. सध्या तिघी आहेत. त्यातली एक आमच्याच गल्लीतली, तंबोळ्याची सून, तिची सासू म्हणते, रोज कुठं उकळत बसायचं. मी रोज संध्याकाळी तिच्या चुलीपाशी जाऊन बसते, पातेलं खळखळेपर्यंत उठत नाही. तिला माझा राग येतो. येऊ दे. डोळे पिवळे झाले तर माळ नाही, रिक्षा, हे मी तिच्या नवऱ्याकडून तिच्यासमोर वदवून घेतलं आहे. माझी सासू शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "हाई खरं सांगी राह्यनी." बस, एवढंच म्हणाली.

गटारीतल्या लाइनसाठी आम्ही बायकांनी अर्ज दिला आहे. पालिकेतल्या पाण्याच्या साहेबांच्या टेबलावर सीलबंद बाटली होती. ते म्हणाले, बघू. मी म्हटलं, बघा, आम्ही पुढच्या सोमवारी येतो. सोमवारी गेलो. परत पुढच्या सोमवारी जाणार आहोत.

मी नवी कामं शोधते. पहिल्याच दिवशी विचारते, "प्यायचं पाणी कुठून घेऊ?" जी बाई बाहेर बोट दाखवते, तिच्या घरात मी चप्पल काढत नाही. दोन घरं अशी सोडली. सासू चिडली, "तुले काम सोडानी काय गरज व्हती?" तिसऱ्या घरातल्या बाईनं आतला नळ दाखवला. तिथं मी राहिले. पहिल्या दिवशी मी दोन ग्लास पाणी प्यायले, तहान नसताना.

हेवा गेलेला नाही. रस्त्यात वहिनी स्कूटीवरून जाताना दिसतात, पुढे बाळ. स्कूटी वळेपर्यंत मी बघत राहते. कुणी म्हणतं, मन मोठं कर. मी नाही करणार. तिच्या पोराचं वाईट आता मनात येत नाही, पण तिला जे मिळालं ते मला का नाही, हे मी रोज विचारणार. मला पुन्हा मूल हवं आहे. त्याला पाणी मी उकळून पाजेन, लाइन बदलेपर्यंत. लाइन बदलल्यावर ते नळाला थेट तोंड लावून पिईल. आणि कुणी दयेनं कॅन भरून दारात आणून ठेवला, तर मी आधी त्याच्याच हातात ग्लास देईन आणि तो पिईपर्यंत दारातून हलू देणार नाही.